पहिल्या भागात गोष्ट शोधू नका

नवी मालिका बहुधा सोमवारी सुरू होते. जुनीचा शेवटचा भाग शनिवारी झालेला असतो, तिची माणसं हात जोडून निरोप घेऊन गेलेली असतात. सोमवारी त्याच वेळेला त्याच जागी नवं घर, नवं कुटुंब, नवं शीर्षकगीत. अर्ध्या तासात घरोघरी निकालही लागतो. "हिचं काम छान आहे." "पुन्हा तेच, श्रीमंत मुलगा आणि गरीब मुलगी." "आई, दुसरं काहीतरी लाव ना."

हा निकाल चुकतोच असं नाही, पण पुष्कळदा तो भलत्याच गोष्टीवर दिलेला असतो. ड्रोनने टिपलेलं गाव आवडलं म्हणून मालिका आवडली असं वाटतं, किंवा काहीच घडलं नाही म्हणून ती कंटाळवाणी ठरते. रोजच्या मालिकेचा पहिला भाग कशासाठी केलेला असतो आणि कुठल्या अडचणींत बसवलेला असतो हे माहीत असेल, तर त्याच बावीस मिनिटांतून पुढच्या दोन-तीन वर्षांचा बराच अंदाज घेता येतो.

आधी एक फरक. दूरदर्शनच्या काळात मालिका आठवड्यातून एकदा लागायची आणि बहुतेकींना तेरा भागांची मुदत असायची. लेखकाला शेवट ठाऊक असायचा, त्यामुळे पहिल्या भागात टाकलेला धागा तेराव्यात उचलता यायचा. 1984 साली सुरू झालेली 'हम लोग' 154 भागांची झाली, तेव्हा तेच केवढं लांब वाटलं होतं. पुढे सह्याद्री वाहिनीवरच्या 'दामिनी'ने मराठी घरांना रोजच्या मालिकेची सवय लावली, खासगी वाहिन्या आल्या, आणि ईटीव्ही मराठीवर 2001 साली सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून अधिक भाग चालली. तीन हजार भागांची गोष्ट आधी लिहून ठेवता येत नाही. लेखकाच्या हाताशी असतं ते एक घर, त्यातली माणसं आणि त्यांच्यातलं न सुटणारं भांडण. पहिल्या भागाचं काम एवढंच, की हे घर प्रेक्षकाच्या घरात नेऊन ठेवायचं.

त्यासाठी वेळ किती मिळतो? नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटं जाहिरातींची, त्यात दहा व्यापारी आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. म्हणजे अर्ध्या तासातली सहा मिनिटं आधीच गेली. शीर्षकगीत आणि शेवटची उद्याच्या भागाची झलक वजा केली की वीस-बावीस मिनिटं हातात राहतात. तेवढ्यात दहा-बारा माणसं, त्यांची नाती, कोण चांगलं, कोण वाईट आणि कुणाला काय हवंय, हे सगळं पोचवायचं असतं.

यावरचा सगळ्यात जुना आणि अजून चालणारा उपाय म्हणजे सगळ्यांना एका जागी बोलावणं. लग्न, साखरपुडा, गणपती, वाढदिवस, नाहीतर मरण. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका 22 फेब्रुवारी 2016 रोजी झी मराठीवर सुरू झाली तेव्हा तिने मरण निवडलं. सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्यात घरचा कर्ता माणूस, अण्णा नाईक, जातो आणि विखुरलेलं कुटुंब कोकणात परत येतं. मुंबईहून आलेली माणसं आणि गावात राहिलेली माणसं यांच्यातली अढी, जमिनीवरची नजर, वाड्याची भीती हे सगळं एका मयताच्या निमित्ताने उघडं पडतं आणि कुणाला ओळख म्हणून करून द्यावी लागत नाही. ते मरण लेखकाच्या इतकं कामी आलं, की 2019 साली आलेलं मालिकेचं दुसरं पर्व मागच्या काळात गेलं आणि ज्याच्या जाण्याने मालिका सुरू झाली होती तो अण्णा जिवंतपणी कसा होता हे सांगू लागलं. एखाद्या पहिल्या भागातली घटना पुढे किती पीक देऊ शकते, याचं मराठीतलं हे उत्तम उदाहरण.

दुसरा उपाय संवादांचा. पहिल्या भागात माणसं एकमेकांना नको इतक्या वेळा नावाने आणि नात्याने हाक मारतात. "वहिनी, आईंची गोळी दिलीत का? दादा पुन्हा न जेवताच गेला वाटतं." या दोन वाक्यांत बोलणारी नणंद आहे, ऐकणारी सून आहे, सासू आजारी आहे, नवरा घरात असून नसल्यासारखा आहे आणि घराचा भार कुणावर आहे, हे सगळं येऊन जातं. आपल्याला हसू येतं, कारण खऱ्या घरात कुणी असं बोलत नाही. पण मालिका लिहिणाऱ्यांचा प्रेक्षक पडद्यासमोर मांडी घालून बसलेला नसतो. कुणी पोळ्या लाटत असतं, कुणी भाजी निवडत असतं, कुणी मुलांचा अभ्यास घेत असतं. मालिका आधी कानाने पाहिली जाते. नाव न घेता दिलेला एखादा सूचक कटाक्ष सिनेमात फार सुंदर दिसेल, स्वयंपाकघरातून तो दिसत नाही. एका वाक्यावर तीन-तीन चेहरे आणि प्रत्येक चेहऱ्यावर ढॅण असा आवाज, हाही त्यातलाच प्रकार: आवाज आला की मान वर करायची असते. पुढे पुढे हेच वेळ ताणण्यासाठी वापरलं जातं, तेव्हा त्याची चीड येणं रास्त आहे. पहिल्या भागात मात्र थोडी सूट द्यावी.

नायिकेची सकाळ हा तिसरा ठरलेला प्रसंग. तुळस, रांगोळी, चहाचे सात कप, सगळ्यांच्या हाका. नायक गाडीतून उतरतो, आधी बूट दिसतात, मग गॉगल. दोघांची टक्कर होते आणि भाग संपतो. यावर काही बोलण्यासारखं नाही, तो पन्नास वेळा पाहिलेला आहे आणि एकावन्नाव्या वेळीही येईल.

गंमत अशी की, सोमवारी पहिला भाग पाहायला बसतो तेव्हा आपण खरं तर तो पहिल्यांदा पाहत नसतो. महिनाभर आधीपासून प्रोमो चालू असतात. प्रोमो हाच मालिकेचा खरा मसुदा. कित्येकदा तो मालिकेच्या सेटवर नव्हे तर वेगळ्या जागी, वेगळा खर्च करून, एखाद्या छोट्या जाहिरातपटासारखा चित्रित केलेला असतो, आणि त्यात आख्खी गोम एका वाक्यात बसवलेली असते. 'होणार सून मी ह्या घरची' 2013 साली आली तेव्हा एका सुनेला सहा सासवा एवढं कळणं पुरेसं होतं. 2012 सालच्या 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मध्ये घरच्यांपायी केलेलं सोयीचं लग्न होतं. ज्या प्रोमोतून अशी एक ओळ सांगता येत नाही, ती मालिका पहिल्या महिन्यात चाचपडणार असं खुशाल समजावं. पहिल्या भागाची पंचाईत ही, की प्रोमोत दाखवलेली घटना, म्हणजे लग्न, सत्य उघड होणं किंवा थप्पड, पुष्कळदा पंधरा-वीस भागांनंतर येणार असते. प्रेक्षक ती पहिल्याच दिवशी शोधतो आणि "काहीच झालं नाही" म्हणून उठतो.

आता वेळेचं, म्हणजे स्लॉटचं. मालिकेचं नशीब जितकं लेखकाच्या हातात असतं तितकंच स्लॉटच्या. साडेआठला ज्या घरात एक वाहिनी लागलेली असते, तिथे नऊलाही पुष्कळदा तीच राहते. त्यामुळे जोरात चालणाऱ्या मालिकेच्या शेजारी जागा मिळाली की नव्या मालिकेला पहिला प्रेक्षक आयता मिळतो. उलट, पडलेल्या मालिकेची जागा मिळाली तर आधी रिमोट परत फिरवायला लावायचा, मग गोष्ट सांगायची. गावाकडे जेवणं लवकर उरकतात, मुंबई-पुण्यात माणूस साडेसात-आठपर्यंत लोकलमध्ये किंवा रस्त्यावरच असतो, म्हणून सात आणि दहा या दोन वेळांच्या मालिकांची भाषा आणि प्रकृतीही वेगळी असते. भुताखेतांची 'रात्रीस खेळ चाले' रात्री साडेदहाला लागत होती, मुलं झोपल्यावर. ती सातला लागली असती तर पहिल्या आठवड्यातच गाशा गुंडाळावा लागला असता, असं माझं मत आहे. नवी मालिका पाहताना ती कुणाच्या जागी आली आणि कुणाच्या शेजारी बसली, हे पाहिलं की वाहिनीचा तिच्यावर किती भरवसा आहे ते आपोआप कळतं.

त्यानंतर येते टीआरपी, जिच्याबद्दल सगळे बोलतात आणि जिचं गणित फार थोडे सांगतात. ते अवघड नाही. 2015 पासून देशात प्रेक्षकसंख्येचं हे मोजमाप बार्क ही संस्था करते. देशभरातल्या 50 हजारांहून जास्त घरांत तिची यंत्रं बसवलेली आहेत. वाहिन्यांच्या आवाजात माणसाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, ती यंत्र पकडतं आणि कुठली वाहिनी चालू आहे ते ओळखतं. समोर कोण बसलंय हे कळावं म्हणून घरातल्या प्रत्येकाला एक बटण दिलेलं असतं. त्यातून दर मिनिटाला सरासरी किती माणसं पाहत होती हा आकडा निघतो.

या 'दर मिनिटाला सरासरी'तच सगळी मेख आहे. समजा शंभर माणसं आहेत आणि कार्यक्रम तीस मिनिटांचा आहे. साठ जणांनी डोकावून सरासरी पाच-पाच मिनिटं पाहिला आणि दुसरीकडे वळले. एकूण झाली तीनशे मिनिटं. तिसाने भागा, सरासरी दहा. दुसऱ्या एका मालिकेला फक्त दहाच माणसं मिळाली, पण ती तीसच्या तीस मिनिटं बसून राहिली. तीही तीनशे, सरासरी तीही दहाच. आकडा एक, पण पहिली मालिका लोकांनी चाखून ठेवून दिलेली आहे आणि दुसरीला तिचे लोक मिळालेले आहेत. पहिल्या आठवड्याचा आकडा बहुतांशी डोकावणाऱ्यांचा असतो. प्रोमोचा गाजावाजा, ओळखीचा चेहरा, शेजारच्या मालिकेतून वाहत आलेले लोक, सगळे त्यात मोजले जातात. म्हणून वाहिनीतली जाणती माणसं नुसता पहिला आकडा पाहून पेढे वाटत नाहीत. किती जण आले यापेक्षा आलेला किती मिनिटं थांबला आणि दुसऱ्या आठवड्यात परत आला का, हे ती पाहतात.

शिवाय तो आकडा येतो उशिरा. बार्कचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी हाती येतात. सोमवारी सुरू झालेल्या मालिकेचा हिशेब करून पाहा. आठवड्याला सहा भाग धरले तर पहिला आकडा येतो त्या गुरुवारच्या सकाळपर्यंत नऊ भाग दाखवून झालेले असतात. शिवाय काही भाग तयार करून ठेवलेले असतात, ज्याला या धंद्यात बँक म्हणतात. सुरुवातीला ती भरलेली असते, पुढे रोजच्या धावपळीत आटत जाते आणि सकाळी चित्रित केलेला प्रसंग संध्याकाळी दाखवायची पाळी येते. म्हणजे प्रेक्षकांची पहिली पसंती-नापसंती कळून, वाहिनीच्या क्रिएटिव्ह टीमने लेखकाबरोबर बसून कथा वळवून, ते वळण चित्रित होऊन पडद्यावर येईपर्यंत तिसरा-चौथा आठवडा उजाडतो. पहिल्या दोन आठवड्यांत आपण जे पाहतो ते निर्मात्यांना स्वतःला करायचं होतं ते. त्यापुढे पाहतो ते आपल्या आकड्यांना दिलेलं उत्तर. एखादी चाकोरीबाहेरची नायिका महिनाभरात अचानक पदर सावरून रडायला लागते, कुठलं तरी दुय्यम पात्र एकदम मोठं होतं, दुष्ट आत्या सुधारते, त्याची मुळं इथे असतात.

श्रेयनामावलीकडे कुणी फारसं पाहत नाही, पण ती वाचावी. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी वाटणी तिथे दिसते. गोष्ट कुठल्या दिशेला जाणार हे वाहिनी आणि कथाकार ठरवतात, त्याचे प्रसंग पटकथाकार पाडतो आणि माणसं कशी बोलणार हे संवादलेखक ठरवतो. रोज एक भाग हवा असल्यावर एकट्याच्याने हे होणारही नाही. माझ्या मते या तिघांत पहिल्या भागात खरा कस संवादलेखकाचा लागतो, कारण प्रसंग ठरलेले असले तरी माणसांची बोली ठरलेली नसते. 2017 सालची 'लागिरं झालं जी' आठवून पाहा. सैन्यात जायची आस घेतलेला मुलगा आणि गावातली मुलगी, यात नवं काही नव्हतं. साताऱ्याकडची बोली मात्र कानाला खरी लागत होती आणि त्या बोलीवर लोक मालिकेत शिरले.

पहिला भाग पाहताना काही गोष्टी सरळ वजा कराव्यात. ड्रोन, क्रेन, जत्रा, शेकडो माणसांची गर्दी, बाहेरगावचं चित्रीकरण. सुरुवातीच्या भागांना दिवस आणि पैसे दोन्ही जास्त मिळतात. नंतर दिवसाला साधारण एका भागाइतकं चित्रीकरण उरकायचं असतं, तेव्हा सगळी मालिका दिवाणखाना, स्वयंपाकघर, एक बेडरूम आणि एक जिना यांत येऊन बसते. म्हणून निसर्ग पाहू नये, दिवाणखाना पाहावा. तिथेच पुढची दोन वर्षं काढायची आहेत. त्या खोलीत माणसं राहतात असं वाटतं का, की शोरूममधून उचलून आणलेलं फर्निचर मांडलंय? मध्यमवर्गीय म्हणून सांगितलेल्या घरात जिन्याला झुंबर असेल तर लिहिणाऱ्याने आणि सेट लावणाऱ्याने एकमेकांशी बोलून काम केलेलं नाही. नायिकेच्या विरोधात उभ्या असलेल्या माणसाकडे काही कारण आहे का, हेही पाहावं. कारण असलेला खलनायक दोनशे भाग पुरतो. नुसता भुवया उडवणारा वीस भागांत संपतो, आणि मग बेशुद्धी, अपघात, स्मृतिभ्रंश सुरू होतात.

कथानक कुठे वळेल याबद्दल मात्र पहिल्या भागावरून पैज लावू नये. 'तुला पाहते रे' 13 ऑगस्ट 2018 रोजी सुरू झाली. सुबोध भावेंनी साकारलेला विक्रांत सरंजामे हा समंजस, साधा राहणारा, मोठा उद्योजक, आणि त्याच्याहून निम्म्या वयाची ईशा निमकर. पहिल्या आठवड्यांत सगळी चर्चा दोघांच्या वयातल्या अंतराची होती. पुढे हाच विक्रांत कपटी आणि खुनी निघाला, ईशाचा संबंध त्याच्या मृत पत्नीच्या पुनर्जन्माशी जोडला गेला आणि प्रेमकथा सूडकथा झाली. पहिल्या भागात ज्याच्यावर प्रेम जडवलं तोच उलटवणं हे धाडस होतं. पटलेले लोक होते, चिडलेलेही होते. पुढे कन्नडमध्ये आणि तेलुगूतही ही मालिका नव्याने केली गेली.

'आई कुठे काय करते'ची तऱ्हा याच्या उलट. स्टार प्रवाहवर ती 23 डिसेंबर 2019 रोजी सुरू झाली तेव्हा तिचा सांगाडा 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेत तयारच होता. पुढच्याच वर्षी त्याच सांगाड्यावर हिंदीत 'अनुपमा' उभी राहिली. म्हणजे गोष्टीचा मोठा टप्पा जाणकाराला आधीच ठाऊक होता. पण मार्च 2020 मध्ये टाळेबंदीने चित्रीकरण थांबलं, जुलैत पुन्हा सुरू झालं, त्या काळात संजनाच्या भूमिकेत दीपाली पानसरेच्या जागी रूपाली भोसले आली, आणि एवढं सगळं होऊनही मालिका 2024 च्या अखेरीपर्यंत टिकली. टिकली ती मधुराणी प्रभुलकरच्या अरुंधतीमुळे. घरातल्या प्रत्येकासाठी राबणारी आणि कुणाच्याच हिशेबात नसलेली बाई हे पात्र नावातच होतं, आणि ते सुरुवातीपासून ओळखू येत होतं. कथा उसनी असू शकते, मधली माणसं बदलू शकतात. मधोमध उभं असलेलं पात्र मात्र मुळातच पक्कं असावं लागतं.

तेव्हा पहिल्या सोमवारी फक्त तीन गोष्टींवर मत द्यावं: मधलं पात्र, घर आणि भाषा. यांतल्या दोन जमल्या असतील तर पुढे पाहायला हरकत नाही. एकही जमली नसेल तर कथा पुढे रंगेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही, कारण या तिन्ही गोष्टी नंतर सहसा सुधारत नाहीत. कथेबद्दलचा निकाल मात्र चौथ्या आठवड्यापर्यंत राखून ठेवा. तोवर रोज पाहायची गरज नाही, अधलेमधले दोन-तीन भाग पुरतात. चुकलेलं वाहिनीच्या अॅपवर सापडतं, आणि नाही सापडलं तरी रोजच्या मालिकेत एका आठवड्यात फारसं काही निसटत नाही.